झाडीपट्टीचा मंडप आणि आठ तारांची केबल

धानाची कापणी आटोपली आणि दिवाळी सरली की गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक होते. होळीपर्यंत चालणाऱ्या या हंगामाचा कारभार मुख्यत्वे वडसा, म्हणजे देसाईगंज, येथून चालतो. आणि गोंदियाहून नागभीड-बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अर्जुनीच्या पुढेच हे गाव असल्यामुळे अर्जुनी मोरगाव तालुक्याला तेथील नाट्यमंडळ्यांचा शेजार पिढ्यान्‌पिढ्या लाभला आहे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीवरील अभिनयाचा यथोचित गौरव झाला. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो तिच्या एका उपेक्षित अंगाचा: रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकाच्या कानापर्यंत नटाचा शब्द ज्या तारेतून जातो, त्या तारेच्या आखणीचा.

पूर्वीची तजवीज सरळ होती. रंगमंचावर टांगलेले माईक, ऑर्गन-तबल्यासमोरचे माईक आणि पडद्यामागचा माईक या प्रत्येकाची वायर स्वतंत्र. त्या सर्व एका जाड, वजनदार मल्टिकोर केबलमध्ये, म्हणजे साउंडवाल्यांच्या भाषेत ‘स्नेक’मध्ये, एकत्र होऊन प्रेक्षकांमागच्या मिक्सरपर्यंत जात. माईकमधून निघणारा विद्युत्‌संकेत काही मिलिव्होल्टांचाच असल्यामुळे, शेजारून दिव्यांची २३० व्होल्टची वायर गेली की तिची ५० हर्ट्‌झची घरघर त्यात मिसळण्यास फारसा अवकाश लागत नसे. डिजिटल मिक्सर आल्यापासून रंगमंचाच्या कडेला एक ‘स्टेजबॉक्स’ बसतो, माईकचा आवाज तेथेच अंकांत रूपांतरित होतो आणि सोळा किंवा बत्तीस माईकांचा तो सारा ऐवज एका बारीक लॅन केबलमधून मिक्सरकडे जातो. स्नेक उचलण्याचा त्रास वाचला; परंतु पूर्वी एक वायर तुटली तर एक माईक जाई, आता एक केबल तुटली तर नाटकच थांबते. एका तारेवर एवढा भार आल्यानंतर तिचा मार्ग मंडपवाल्याच्या सोयीवर सोडून चालणार नाही, हा या लेखाचा मुख्य आग्रह आहे.

येथे आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ पैसा व मनस्ताप वाया जातो. एकाच प्रकारची केबल आणि एकाच आकाराचा प्लग वापरणाऱ्या दोन सर्वस्वी भिन्न व्यवस्था बाजारात आहेत. बेहरिंजर व मायडास यांच्या मिक्सरांतील एईएस-५० ही जोडणी दिसावयास लॅनसारखी, पण ती दोन यंत्रांमधील थेट वाट आहे. तिच्या मधोमध इथरनेटचा स्विच लावला तर आवाज जाणार नाही, आणि तिला धातूचे कवच असलेली, दोन्ही टोकांना धातूचे कनेक्टर असलेली केबलच लागते. दुसरी व्यवस्था खऱ्या इथरनेटवर चालणारी. १९९६ च्या सुमारास अमेरिकेत कोब्रानेटने तिचा पाया घातला, २००६ साली सिडनीत स्थापन झालेल्या ऑडिनेट कंपनीच्या ‘दान्ते’ने तिचा सर्वत्र प्रसार केला, आणि निरनिराळ्या पद्धतींच्या यंत्रांना परस्परांशी बोलता यावे म्हणून २०१३ साली एईएस-६७ हे मानक प्रसिद्ध झाले. तांब्याच्या साध्या केबलवरून गिगाबिट इथरनेट नेण्याचे मानक १९९९ सालचे, आणि भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला तोही त्याच वर्षीच्या १ मे रोजी; या दोहोंचा कार्यकारणसंबंध काहीही नाही, तरी जिल्हा आणि त्याच्या मंडपांत शिरणारे हे तंत्र समवयस्क आहेत, याचे मला कौतुक वाटते.

पुष्कळांचा समज असा की अधिक माईक म्हणजे अधिक वेगवान नेटवर्क हवे. हिशेब मांडला तर तो समज टिकत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, म्हणजे एका माईकचा भार सुमारे १.१५ मेगाबिट, बत्तीस माईकांचा मिळून सदतीस मेगाबिटांच्या आतच, आणि वरची बांधणावळ धरली तरी गिगाबिट केबलच्या कुवतीचा तो अल्पसा अंश होतो. अडचण कुवतीची नसून वक्तशीरपणाची आहे. दर २१ मायक्रोसेकंदांनी एक नमुना येतो; तो पोहोचण्यास ठरलेल्या मुदतीपेक्षा उशीर झाला तर त्याची वाट पाहिली जात नाही, आणि कर्ण्यातून ‘टक्’ असा आवाज निघतो. म्हणून नेटवर्कमधील सर्व यंत्रे एकाच घड्याळाशी बांधलेली असतात. त्या घड्याळाच्या संदेशांना प्रथम व आवाजाला त्यानंतर प्राधान्य द्यावे, असा हुकूम स्विचला द्यावा लागतो, आणि वीज वाचविण्यासाठी स्विचमध्ये असलेली, मधल्या निवांत क्षणी पोर्टला डुलकी घेऊ देणारी सोय आठवणीने बंद करावी लागते.

स्विचची दुसरी एक खबरदारी या जिल्ह्यातील वाचकाला सांगणे सोपे आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची, ज्यांना आपण आज मामा तलाव म्हणतो त्यांची, व्यवस्था अशी की तलावाचे पाणी पाटाने येते आणि ज्या बांधीला हवे तिचेच तोंड उघडले जाते. सगळी तोंडे उघडी टाकली तर पाणी नको तेथे साचते व हवे तेथे पोहोचत नाही. एकच आवाज अनेक यंत्रांकडे पाठविण्याच्या पद्धतीत, ज्याने मागणी केली त्याच पोर्टचे तोंड उघडणारी ‘आयजीएमपी स्नूपिंग’ ही सोय स्विचमध्ये असावी लागते. ती नसलेला स्वस्त स्विच प्रत्येक दारी सगळे पाणी सोडतो.

आता प्रत्यक्ष मंडपाकडे वळू. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा शंभर मीटरची, आणि ती कागदावर पुष्कळ वाटते. परंतु रंगमंचापासून मिक्सरपर्यंतचे सरळ अंतर चाळीस मीटर असले तरी केबल सरळ जात नाही: स्टेजबॉक्सपासून विंगेच्या खांबावर चढते, प्रवेशद्वारावरून माणसांच्या डोक्याच्या वर जाते, कनातीच्या कडेने फिरते, मिक्सरच्या टेबलाशी पुन्हा उतरते, टेपने मोजले म्हणजे तेच अंतर सत्तरावर गेलेले दिसते. म्हणून पावलांनी अंदाज न घेता मार्ग टेपने मोजावा, आणि मोजणी खांब रोवण्यापूर्वी व्हावी. दिव्यांच्या व जनरेटरच्या वायरी एका बाजूने नेल्या तर आवाजाची केबल दुसऱ्या बाजूने न्यावी. जेथे ओलांडणे अटळ आहे तेथे काटकोनात ओलांडावी. माणसे बसतात त्या जमिनीवरून तर ती मुळीच नेऊ नये, कारण सतरंजीखाली दडलेल्या केबलवर बसलेल्या माणसाला आपण कशावर बसलो आहोत हे ठाऊक नसते.

केबलचे टोक एकदा जवळून पाहण्यासारखे असते. आत आठ तारा, चार जोड्यांत पिळलेल्या. प्लगमध्ये त्यांचा क्रम पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा. प्लग बसविताना पीळ सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये, कारण बाहेरचा उपद्रव परतवून लावण्याचे काम तो पीळच करतो. तारा नीट मांडाव्यात म्हणून दोन-दोन इंच पीळ सोडून टाकणारा कारागीर प्रामाणिकपणेच काम करीत असतो, पण त्याच्या हातून केबलचे बळच काढून घेतले जाते. त्याहून घातक म्हणजे तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची स्वस्त केबल: ती वजनाला हलकी लागते, चार वेळा गुंडाळली-उलगडली की आतून तुटते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रोज नव्या गावी जाणाऱ्या संचाला शुद्ध तांब्याची, अनेक बारीक तंतूंची लवचिक केबल व धातूच्या आवरणाचा, खिट्टी बसणारा कनेक्टर हवा. थंडीच्या रात्री, दुसऱ्या अंकानंतर पडणाऱ्या दवाचाही विचार करून जोड जमिनीपासून उंच व झाकलेले ठेवावेत.

मंडप लांब असेल, किंवा रंगमंच एका जनरेटरवर व मिक्सर दुसऱ्या वीजजोडणीवर असेल, तेथे तांब्याचा हट्ट सोडून फायबर घ्यावे. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील फरक त्यातून वाहत नाही, आणि अंतराची मर्यादा किलोमीटरांत जाते. सालेकसा तालुक्यात माघ पौर्णिमेला भरणाऱ्या कचारगडच्या यात्रेसारख्या, निरनिराळ्या राज्यांतून गोंड बांधव जेथे लोटतात अशा विस्तीर्ण स्थळी सूचना सर्वत्र स्पष्ट ऐकू जाव्यात असे वाटत असेल, तर हाच मार्ग योग्य.

आखणीचा आकार तारकाकृती ठेवावा: मध्ये एक स्विच, त्यातून प्रत्येक यंत्राला स्वतंत्र केबल. एका यंत्रातून दुसऱ्यात अशी माळ ओवली तर केबल वाचते, पण मधले एक यंत्र बंद पडताच त्यापुढची सर्व मुकी होतात. यंत्रे परवानगी देत असतील तर मुख्य व पर्यायी असे दोन अलग स्विच, दोन अलग केबली ठेवाव्यात आणि त्या मंडपाच्या दोन भिन्न बाजूंनी न्याव्यात. एकाच दोरीला बांधलेल्या दोन केबली एकाच ट्रॅक्टरखाली सापडतात. वायफाय टॅब्लेटवरून मिक्सर चालविण्यापुरते ठीक, आवाज त्यावरून पाठवू नये.

नेटवर्कमुळे मिळणारा सर्वांत मोठा लाभ मात्र अजून फारसा घेतला जात नाही. पुढच्या दोन मोठ्या बॉक्सनाच शेवटच्या रांगेपर्यंत ओरडावयास लावण्याऐवजी मंडपाच्या मध्यावर लहान स्पीकर बसवून त्यांना केबलने आवाज देता येतो. केबलमधला आवाज एका मिलिसेकंदाच्या आसपास पोहोचतो, तर हवेतला तेवढ्या वेळात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. म्हणून रंगमंचापासून ३४ मीटरवरील स्पीकरला सुमारे १०० मिलिसेकंद थांबवावे लागते, नाहीतर प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येतो. हे साधले की पुढे बसलेल्या म्हाताऱ्याचे कान वाचतात, मागे उभ्या असलेल्या बाईला हुंदका कळतो, आणि मंडपाबाहेरच्या गावाला झोप लागते.

येत्या हंगामासाठी नाट्यमंडळांना व बिछायत केंद्रांच्या चालकांना माझी विनंती इतकीच की मंडपाचा खांब रोवला जाण्यापूर्वी साउंडवाल्याला जागेवर बोलवावे, त्याच्याकडून केबलच्या मार्गाचा, स्विचच्या जागेचा व प्रत्येक केबलच्या लांबीचा एक कागदी नकाशा करून घ्यावा, त्याची एक प्रत मिक्सरपाशी व एक रंगमंचाकडे ठेवावी, आणि नाटकाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात एका शिल्लक केबलची रक्कम आधीच धरावी.