हिऱ्याचा आकार आणि कट

आकार म्हणजे हिऱ्याची बाह्यरेषा: गोल, लंबगोल, चौकोनी, थेंबासारखी. ती निव्वळ आवडीची बाब. कट म्हणजे पैलूंचे कोन, प्रमाण आणि सफाई; चमक येते ती यातून, आणि खरेदी करताना दुर्लक्ष होते तेही नेमके याकडेच.

हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आहे. त्यामुळे आत शिरलेला किरण पैलूवरील लंबाशी साधारण २४.५ अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर तो बाहेर न जाता पूर्णपणे परावर्तित होतो. खालच्या बाजूचे पैलू योग्य कोनात असले की किरण दोनदा उलटून वरून, पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. हिरा फार उथळ किंवा फार खोल असेल, तर किरण खालूनच निसटतो. मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ मध्ये गोल हिऱ्यासाठी हे गणित मांडले: खालचा कोन ४०.७५ अंश, वरचा ३४.५.

कोहिनूर १८५१ च्या लंडन प्रदर्शनात फिका वाटला. पुढच्या वर्षी चमक वाढावी म्हणून तो नव्याने कापला गेला आणि सुमारे १९१ कॅरटांचा १०५.६ वर आला. चमकीसाठी मोजलेली ही किंमत जबरच म्हणायची!

वजन राखण्यासाठी खोल ठेवलेला एक कॅरटचा हिरा वरून लहान दिसतो. नीलम, पाचू यांचा अपवर्तनांक कमी असल्याने उथळ कट त्यांना अधिक बाधतो: मधोमध काचेसारखी आरपार खिडकी दिसते. म्हणून खडा दुकानातील झगझगीत दिव्यांखाली न पारखता खिडकीपाशी नेऊन, हलवून पाहावा.