कोड आणि कातडीचा कर्करोग : एका जनुकाची दोन टोके

‘डॉक्टर, कोडावर ऊन लागलं तर पुढे कॅन्सर होतो का हो?’ त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो. विचारणारी बहुधा मुलीची आई असते. खरी काळजी लग्नाची असते, कॅन्सर नंतर येतो. पांढऱ्या डागात रंग नाही, म्हणजे उन्हापासून संरक्षण नाही, म्हणजे धोका जास्त, असा हिशेब ती मांडते. हिशेब चुकीचा वाटत नाही. संशोधकांनाही बराच काळ तसेच वाटत होते.

प्रत्यक्ष आकडे मात्र उलटे निघाले. नेदरलँड्समध्ये 2013 साली कोड असलेल्या 1,307 जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. तुलनेसाठी घेतले होते त्यांचेच नवरे-बायका. एकाच घरात राहणारे, बऱ्यापैकी सारखेच ऊन खाणारे. कोड असलेल्यांमध्ये मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग आणि त्वचेचे इतर कर्करोग, दोन्ही सुमारे तिपटीने कमी आढळले. ही पाहणी लोकांनी दिलेल्या माहितीवर आधारलेली होती आणि डाग असलेली माणसे ऊन टाळतात, हेही धरायला हवे. पण एवढ्यावरून सगळा फरक उलगडत नाही.

याचे एक उत्तर रोगप्रतिकारशक्तीत आहे. कोड हा संसर्ग नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याच शरीरातल्या टी पेशी रंग तयार करणाऱ्या पेशींना शत्रू समजून मारतात आणि तिथे डाग पडतो. मेलॅनोमा नेमका याच रंगपेशींपासून होतो. म्हणजे ज्यांच्या शरीराचा पहारेकरी रंगपेशींबाबत जरा जास्तच संशयी, त्यांच्यात त्या पेशी बिघडल्याच तर वेळीच पकडल्या जाण्याची शक्यता अधिक.

हा संशयी स्वभाव काही अंशी जन्मतःच येतो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातील रिचर्ड स्प्रिट्झ यांच्या गटाने 2010 साली युरोपीय वंशाच्या सुमारे दीड हजार रुग्णांची जनुके तपासली. कोडाशी जोडलेली बहुतेक जनुके प्रतिकारशक्तीची निघाली. अपवाद होता टायरोसिनेज या विकराच्या जनुकाचा. हा विकर रंग बनवतो आणि कोडात टी पेशींचे एक मुख्य लक्ष्यही तोच असतो. या जनुकाचे एक रूप मेलॅनोमाचा धोका वाढवते. नेमके तेच रूप कोड असलेल्यांमध्ये कमी आढळते! या रूपातला विकर नीट घडत नाही, त्यामुळे त्याचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर कमी मांडले जातात आणि पहारेकऱ्याला ओळख पटत नाही, असा संशोधकांचा तर्क आहे. हे तुकडे मांडण्याचे काम करतात एचएलए रेणू. मूत्रपिंड बसवताना ‘मॅचिंग’ पाहतात, तेच हे. त्यांची काही आनुवंशिक रूपे टायरोसिनेजचे तुकडे अधिक ठळकपणे दाखवतात आणि तीही कोड असलेल्यांत जास्त सापडतात.

या तर्काला कर्करोगाच्या वॉर्डातूनही बळ मिळाले. टी पेशींचे ‘ब्रेक’ सैल करणारी औषधे 2011 पासून मेलॅनोमावर वापरात आली. ज्या संशोधनावर ती उभी आहेत, त्यासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. उपचार चालू असताना काही रुग्णांच्या अंगावर पांढरे डाग उमटतात. डॉक्टर त्याने घाबरत नाहीत, कारण असे डाग उमटलेले रुग्ण सरासरीने अधिक काळ जगलेले दिसतात.

म्हणून कोड ‘चांगले’ असे कुणी म्हणू नये. ‘नितळ’ चित्रपट पाहिलेल्यांना ते सांगायला नको. शिवाय हाच अतिउत्साही पहारेकरी थायरॉइडवरही घसरतो. कोड असलेल्यांनी थायरॉइडची रक्तचाचणी करून घ्यावी, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच. डागावरची कातडी उन्हात लवकर भाजते, तेव्हा सनस्क्रीन लावायचेच. डॉक्टरांनी ठरवून दिलेले अतिनील किरणांचे उपचार मात्र कॅन्सरच्या धास्तीने अर्धवट सोडू नयेत. हल्ली वापरल्या जाणाऱ्या ‘नॅरोबँड’ किरणांमुळे धोका ठळकपणे वाढल्याचे आतापर्यंतच्या पाहण्यांत दिसलेले नाही.

एक गोष्ट मात्र भारतीय वाचकाने वेगळी लक्षात ठेवावी. वरचे बहुतेक संशोधन गोऱ्या कातडीच्या लोकांवरचे आहे. आपल्याकडे मेलॅनोमा मुळातच विरळा, आणि होतो तेव्हा उन्हाशी फारसा संबंध नसलेल्या जागी, तळपायावर किंवा नखाखाली होतो. तिथला काळा डाग ‘लागलं असेल’ म्हणून महिनोन्‌महिने सोडून दिला जातो. वाढत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला किंवा नखात उभी काळी रेघ होऊन रुंदावणारा डाग दिसला, तर तो अंगावर कोड असो वा नसो, डॉक्टरांना दाखवावा.