ईदीची मोटार

माथेरानची दोन फुटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली, ती पीरभॉय पिता-पुत्रांच्या पैशांमुळे आणि जिद्दीमुळे. तिचे इंजिन आम्ही मुलांसोबत १:१९ प्रमाणात, ३२ मिमी रुळांवर करायला घेतले. मुलांनी ईदीतून आणलेली पहिली मोटार चढावरच जळाली. मोटार वेगवान, गिअर मात्र अपुरा; सगळे ओझे तिच्यावरच आले.

मग वहीत हिशेब मांडला. चाक ४० मिमी, म्हणजे एका फेरीत सुमारे १२६ मिमी अंतर. खऱ्या गाडीचा वेग ताशी २० किमी धरला, तर मिनिटाला १४० फेऱ्या पुरतात. नवी मोटार ओझ्याखाली ६००० फेरे घेते. म्हणून ४०:१ गिअरबॉक्स निवडला.

पालकांनो, नुसते व्होल्ट पाहू नका. ओझ्याखाली फेरे किती, अडली तर अँपिअर किती, हे आधी विचारा. मुलांची ईदी वाचेल, गणितही पक्के होईल.