तागडीचं वजन कोण करतं?

मागच्या व्याख्यानात आपण प्रमाण आणि प्रमेय ह्या जोडीपाशी थांबलो होतो. ज्याच्या साहाय्यानं जाणायचं ते प्रमाण, जे जाणायचं ते प्रमेय. उठता उठता धुळ्याच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की सर, हे सगळं ठीक आहे, पण आजच्या जगात ह्याला कोण विचारतं? आज आम्ही उत्तरादाखल एक क्षेत्र घेणार आहोत. अणुसामग्रीचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा, आणि त्या प्रयोगशाळांची स्वतःची तपासणी. तिथे ह्या प्रश्नावर रोजच्या रोज काम चालतं, आणि ते नीट झालं नाही तर एखाद्या देशावर खोटा आळ येऊ शकतो किंवा एखादा देश बॉम्बचं सामान दडवून मोकळा सुटू शकतो.

विषय लांबचा वाटेल. तितका तो लांबचा नाही. आपली पांझरा मुडावदला तापीला मिळते, तापी उकाईच्या धरणात जाते आणि उकाईच्या खाली काकरापार आहे. तिथल्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं, प्रत्येकी २२० मेगावॅटची, १९९३ आणि १९९५ साली सुरू झाली. भुसावळ-सुरत गाडीत बसलात तर वाटेत व्यारा लागतं, त्याच भागात हे केंद्र आहे. ही दोन्ही युनिटं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सेफगार्ड्सखाली येतात. तारापूरची पहिली दोन युनिटं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. सेफगार्ड्स म्हणजे बंदूकधारी पहारा नव्हे, बरं का. ती हिशेबतपासणी आहे. किती युरेनियम आलं, किती जळलं, किती प्लुटोनियम तयार झालं, आणि वहीत लिहिलंय तेवढं खरोखर जागेवर आहे का, हे बाहेरच्या माणसानं येऊन पाहायचं.

आता हिशेब म्हटला की वजन आलं, वजन आलं की चूक आली. व्हिएन्नाची ही संस्था आठ किलो प्लुटोनियमला महत्त्वाची मात्रा मानते. एवढं हाती असेल तर एक अणुबॉम्ब बनवण्याची शक्यता नाकारता येत नाही, असा त्याचा अर्थ. आणि वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा मोठा कारखाना घ्या, वर्षाला आठशे टन इंधन हाताळणारा. त्या इंधनात साधारण एक टक्का प्लुटोनियम धरलं तर वर्षाचं आठ टन होतं. मोजणीत एक टक्क्याची अनिश्चितता असेल तर ती ऐंशी किलोंची झाली. म्हणजे दहा बॉम्बांचं सामान मोजणीच्या चुकीच्या आडोशाला बसू शकतं, आणि कागदावर सगळं जुळलेलं दिसेल! म्हणून ह्या प्रयोगशाळांत दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांसाठी जी ओढाताण चालते, ती शास्त्रज्ञांची हौस नाही.

आता जरा जळगावच्या सराफ बाजारात चला. दागिन्याचा टंच काढायचा तर पूर्वी कसोटीचा दगड असे. आज हॉलमार्किंग केंद्रात पक्की चाचणी भट्टीत होते. दागिन्याचा बारीक तुकडा तोलून घेतात, त्यात चांदी घालतात, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीतल्या कुपीत ठेवतात. शिसं तांब्यासारख्या हलक्या धातूंना घेऊन कुपीत जिरतं, सोन्याचांदीचा मणी उरतो. मणी चपटा करून नायट्रिक आम्लात टाकला की चांदी विरघळते. राहिलं ते सोनं, ते पुन्हा तोलायचं. आमचं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. दागिन्याच्या तुकड्यांबरोबर त्याच भट्टीत, त्याच वेळी, शुद्ध सोन्याचा एक तुकडाही घालतात. तो शुद्ध आहे हे आधीच ठाऊक आहे. मग कशाला घालायचा? तर भट्टी पारखायला. त्या तुकड्यात जेवढी घट किंवा वाढ दिसेल, तेवढी दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या सोन्याच्या आकड्यात करायची.

हे आमच्या न्यायशास्त्राला फार जुनं ओळखीचं आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात गौतमांनी तागडीचा दृष्टान्त दिला आहे. तागडी सोनं तोलते तेव्हा तागडी प्रमाण आणि सोनं प्रमेय. पण तागडीबद्दलच शंका आली तर? भाष्यकार वात्स्यायनांचं म्हणणं असं, की मग ज्याचं वजन माहीत आहे अशा सोन्यानं दुसरी तागडी पारखता येते. आता सोनं झालं प्रमाण, तागडी झाली प्रमेय. वस्तू त्याच, भूमिका बदलल्या. विद्यार्थ्यांना हे शब्दांचं कसरतकाम वाटायचं. हॉलमार्किंगच्या भट्टीत ते जसंच्या तसं घडताना दिसतं.

व्हिएन्नापासून सुमारे ३५ किलोमीटरवर साइबर्सडॉर्फ नावाचं गाव आहे. तिथे ह्या संस्थेच्या प्रयोगशाळा आहेत. एक अणुसामग्रीची, म्हणजे ग्रॅम-मिलिग्रॅमच्या नमुन्यांची. दुसरी पर्यावरणीय नमुन्यांची, तिची स्वच्छ प्रयोगशाळा १९९६ साली कामाला लागली. ह्या दुसरीचं काम समजायला आपल्याकडचे झारेकरी आठवा. सोनारांच्या दुकानांसमोरची माती, गटारातला गाळ घमेल्यात धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे. सोनार कितीही जपून काम करो, कण उडतोच. तसंच युरेनियमचं. जिथे ते हाताळलं तिथल्या भिंतीवर, पाइपांवर, दाराच्या मुठीवर धूळ बसते आणि धुतली तरी पूर्ण जात नाही. १९९१ नंतर इराकचा छुपा कार्यक्रम उघडा पडला, तेव्हा नुसती वही तपासून भागत नाही हे सगळ्यांना कळलं, आणि ही धूळ पुसून आणायची पद्धत रुजली. दहा बाय दहा सेंटिमीटरचं सुती फडकं, दुहेरी पिशव्या, नवे हातमोजे. फडक्यावर जो कण सापडतो तो एक मायक्रॉनचा, वजन काही पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! त्या कणातल्या युरेनियम-२३५ चं प्रमाण मोजायचं. नैसर्गिक युरेनियममध्ये ते ०.७ टक्का असतं, वीज केंद्राच्या समृद्ध इंधनात बहुधा तीन ते पाच, आणि नव्वदच्या घरात गेलं की शस्त्राचा वास येतो.

इतक्या बारीक कणाचा प्रश्न एकच. तो आला कुठून? कारखान्यातून, निरीक्षकाच्या बाहीवरून, की प्रयोगशाळेच्याच टेबलावरून? म्हणून कोरी फडकी असतात. त्याच गठ्ठ्यातली, कुठेही न पुसलेली, पण बाकी सगळ्या संस्कारांतून गेलेली. कोऱ्या फडक्यावर कण सापडला तर त्या दिवसाच्या आकड्यांवर भरवसा नाही. किलोंनी युरेनियम हाताळणारी खोली आणि पिकोग्रॅम शोधणारी खोली म्हणूनच एका छपराखाली ठेवत नाहीत.

दुसरी गोष्ट सांकेतिक क्रमांकांची. नमुना कोणत्या देशाचा हे मोजणाऱ्याला कळू देत नाहीत. एकाच ठिकाणचं फडकं निरनिराळ्या देशांतल्या सहयोगी प्रयोगशाळांकडे जातं. आणि त्या ढिगात मधूनच असे नमुने घातलेले असतात ज्यांचं खरं उत्तर पाठवणाऱ्याला ठाऊक आहे, मोजणाऱ्याला नाही. हे 'नाही' महत्त्वाचं. शाळेत साहेब तपासणीला येणार म्हटलं की फळा पुसलेला आणि पोरं आंघोळ केलेली असतात. साहेब कोण हेच माहीत नसेल, तर रोजच आंघोळ करावी लागते.

रावेरकडच्या आमच्या एका केळीवाल्या नातेवाइकांनी हेच केलं होतं. एकाच वाफ्यातली माती नीट कालवून दोन पिशव्यांत भरली, एक स्वतःच्या नावानं, एक भावाच्या नावानं, आणि एकाच प्रयोगशाळेत दिली. कोणती ते सांगत नाही. दोन अहवालांत नत्राचे आकडे इतके वेगळे, की एकात खत दुपटीनं सुचवलेलं! आम्ही त्यांना म्हटलं, दादा, तुम्ही केलंत त्याला ह्या शास्त्रात आंधळा दुहेरी नमुना म्हणतात. ते म्हणाले, नाव काय द्यायचं ते द्या, खताचे पैसे माझे वाचले.

आता पूर्वपक्ष. नागार्जुनांनी विग्रहव्यावर्तनीमध्ये नैयायिकांना नेमकं धरलं आहे. प्रमाणाची सिद्धी दुसऱ्या प्रमाणानं, त्याची तिसऱ्यानं, मग थांबायचं कुठे? ही अनवस्था. प्रयोगशाळेला विचारा, तुमचं यंत्र कशानं पारखलं? प्रमाणित संदर्भ नमुन्यानं. तो कुणी प्रमाणित केला? बेल्जियममध्ये गेल इथे युरोपीय संघाचं केंद्र आहे, ते असे नमुने बनवतं. त्यांची तागडी? ती वजनांच्या साखळीत बांधलेली. आपल्या बाजारातल्या वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तीच साखळी वर वर जाते. २०१९ पर्यंत ती पॅरिसजवळच्या धातूच्या एका ठोकळ्याशी थांबत होती. आता प्लांकच्या स्थिरांकाशी थांबते. म्हणजे अनवस्था मिटली का? आमच्या मते नाही, आणि ती मिटायची गरजही नाही. सगळ्या तागड्या एकाच क्षणी पारड्यात बसवायच्या नसतात. कोणतीही तागडी कधीतरी पारड्यात बसायला तयार असली म्हणजे झालं. गेलचं केंद्र अधूनमधून अनेक प्रयोगशाळांना एकच नमुना पाठवतं, खरी किंमत न सांगता. आपापले आकडे कळवा म्हणतं. मग सगळ्यांचे आकडे खऱ्या किमतीशेजारी मांडले जातात. कोण किती चुकलं ते दिसतं.

एका ठिकाणी मात्र प्रयोगशाळावाले आमच्या नैयायिकांच्या पुढे गेले असं आम्हांला वाटतं. न्यायमतात संशयाला कारण लागतं. ठूठ की माणूस, अंधूक दिसलं तरच शंका. इथे शंका वेळापत्रकानं घेतात. सगळं सुरळीत चाललेलं असताना घेतात. आकडा मनासारखा आला नाही म्हणून खोडायचा नाही, तो तक्त्यावर मांडायचा, आणि का आला त्याची कारणं लेखी शोधायची. धुळ्याच्या मातीला हे नवं नाही. राजवाडे अस्सल कागदाशिवाय बोलत नसत, आणि ते गेल्यावर १९२७ मध्ये त्यांच्या नावानं इथे मंडळ उभं राहिलं ते त्याच कागदांच्या जतनासाठी.

ह्या सगळ्याचं वजन कळतं ते प्रत्यक्ष प्रकरणांत. १९९२ साली उत्तर कोरियानं सांगितलं, आम्ही एकदाच, १९९० मध्ये, साधारण नव्वद ग्रॅम प्लुटोनियम वेगळं केलं. प्लुटोनियम साठवून ठेवलं की त्यात अमेरिशियम हळूहळू वाढत जातं, त्यावरून वेगळं केल्याची वेळ काढता येते. नमुने म्हणाले, एकदा नाही, अनेकदा. तिथून जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. तेव्हा प्रयोगशाळेच्या टेबलाविषयी शंका घ्यायला जागा असती तर तो आकडा एका दिवसात उडवून लावला असता.

उलट बाजू इराणची. २००३ मध्ये नतांझ आणि आणखी एका ठिकाणच्या फडक्यांवर अतिसमृद्ध युरेनियमचे कण सापडले. जगभर बोंब झाली. इराणचं म्हणणं, हे आमचं नव्हे, बाहेरून घेतलेल्या यंत्रभागांवरची घाण आहे. कोण विश्वास ठेवणार? पण २००५ मध्ये पाकिस्तानातून तसेच यंत्रभाग तपासायला मिळाले, कणांची रचना ताडून पाहिली, आणि एकंदरीत इराणच्या ह्या एका विधानाला दुजोरा मिळतो असं संस्थेनं लिहिलं. इराणचे बाकीचे प्रश्न तसेच राहिले, ते वेगळे. पण ज्या देशावर संशय आहे, त्याच्या बाजूचा आकडाही त्याच फडक्यांवरून, त्याच कोऱ्या फडक्यांच्या साक्षीनं निघाला.

इथे एक मुद्दा सुटतो. आम्ही सगळं परतःप्रामाण्यवाद्यांच्या बाजूनं बोललो, म्हणजे ज्ञान खरं की खोटं हे बाहेरून ठरतं असं मानणाऱ्यांच्या. मीमांसक ह्याला हसतील. ते म्हणतील, शेवटी तक्त्यावरचा आकडा डोळ्यांनीच वाचलात ना, मग त्या डोळ्यांची परीक्षा कुणी केली? त्यांचं म्हणणं पुढच्या गुरुवारी सविस्तर घेऊ. तोवर प्रश्न असतील तर लिहून पाठवा, शक्यतो थोडक्यात.