मस्तिष्कार्बुद : प्रतिमेचा कौल, ऊतीचा निर्णय

पहाटे वाढणारी डोकेदुखी, उलट्या किंवा प्रौढ वयात प्रथमच आलेला झटका घेऊन सिरसाळ्यासारख्या गावातील रुग्ण पुष्कळदा प्रथम वैद्याकडेच येतो. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेने शंका बळावते. अर्बुदाचा प्रकार मात्र कळत नाही. तेथे एमआरआय साहाय्यास येतो.

ग्लायोब्लास्टोमात कॉन्ट्रास्टनंतर बहुधा मृत गाभ्याभोवती जाड, अनियमित कडे उजळते. प्राथमिक लिम्फोमा सामान्यतः एकसारखा उजळतो. परफ्यूजन चित्रणात त्यातील रक्ताचे प्रमाण ग्लायोब्लास्टोमाहून कमी आढळते. अन्य अवयवांतून पसरलेली अर्बुदे अनेकदा एकाहून अधिक असून भोवतीची सूज मोठी असते. क्षयाची गाठ व विद्रधी यांतही असेच कडे दिसू शकते, हे आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवावे लागते.

म्हणून प्रतिमा कौल देते, निर्णय ऊतिपरीक्षेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात आयडीएच जनुकातील बदलासारख्या कसोट्यांनाही स्थान आहे.

औषधालयचालकांनी येथे दक्ष राहावे. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने लिम्फोमा तात्पुरता आक्रसतो, प्रसंगी प्रतिमेतून दिसेनासा होतो आणि ऊतिपरीक्षा निष्फळ ठरू शकते. रुग्णास गुण आल्यासारखे वाटते. रोग मात्र राहतो. स्टेरॉइड केव्हा द्यावे, हे तज्ज्ञांनीच ठरवावे. चिठ्ठीविना ते देऊ नये, घटक अज्ञात असलेले चूर्ण विक्रीस ठेवू नये. घेतलेल्या प्रत्येक औषधाची नोंद असलेली चिठ्ठी देऊन रुग्णास विनाविलंब अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे.