इंग्रजी वाक्प्रचारांतील धर्मकथा आपल्या मुलांनी का वाचाव्यात?

इंग्रजी शिकली पाहिजे, याबद्दल आपल्या समाजात आता वाद राहिलेला नाही. प्रश्न आहे तो ती कशी शिकावी याचा. वस्त्यावस्त्यांत स्पोकन इंग्लिशचे क्लास निघाले आहेत, स्पर्धा परीक्षांची गाइडे घराघरांत पोहोचली आहेत. या गाइडांत वाक्प्रचारांचे एक प्रकरण हमखास असते. डाव्या बाजूला वाक्प्रचार, उजव्या बाजूला अर्थ. मुले ती यादी घोकतात, परीक्षेत दोन-चार गुण मिळवतात आणि महिन्याभरात विसरून जातात. मंत्रांची घोकंपट्टी ज्यांनी नाकारली, त्यांच्या नातवंडांनी इंग्रजी मात्र मंत्रासारखी घोकावी, हे आम्हास पटत नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. इंग्रजीतील पुष्कळसे वाक्प्रचार धर्मग्रंथांतून, विशेषतः बायबलातून आलेले आहेत. प्रत्येकाच्या पाठीमागे एक कथा आहे. अर्थ पाठ केला आणि कथा सोडून दिली, तर निम्मी भाषा हातची जाते. आणि जी निम्मी जाते, तिच्यातच बहुधा आपल्या कामाचा ऐवज असतो. कोणाला गावाबाहेर काढले, कोणाच्या हातचे पाणी वर्ज्य होते, कोणी अन्याय पाहिला आणि तोंड फिरवले, याची साक्ष त्या कथेत असते.

हा केवळ भाषेचा शौक नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. खालच्या न्यायालयात आपला माणूस मराठीत जबाब देतो. प्रकरण वर गेले की त्याचे दुःख इंग्रजीत उतरवावे लागते. ते उतरवताना चुकीचा शब्द पडला, तर दुःखच बदलून जाते. म्हणून हा विषय आम्ही वकिलाच्या नजरेने मांडतो आहोत.

हात धुण्याचेच उदाहरण घ्या. मराठीत एखाद्याच्या ‘हात धुऊन मागे लागणे’ म्हणजे त्याचा पिच्छा न सोडणे. ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे’ म्हणजे संधी साधून लाभ उठवणे. आणि इंग्रजीत ‘टू वॉश वन्स हँड्स’ म्हणजे जबाबदारी झटकणे. हात तेच, पाणी तेच, अर्थ तीन. शब्दाला शब्द ठेवणारा विद्यार्थी इथे सपशेल फसतो. गाइडात याचा अर्थ ‘हात झटकणे’ एवढाच दिलेला असतो. तो चुकीचा नाही, पण पुरा नाही. कथा अशी की, रोमन सुभेदार पिलात याच्यापुढे येशूला आरोपी म्हणून उभे केले. आरोपी निर्दोष आहे हे पिलाताला कळले होते. सोडण्याचा अधिकारही त्याच्याच हाती होता. परंतु जमाव खवळेल ही भीती. त्याने पाणी मागवले, सर्वांदेखत हात धुतले, या रक्ताचा दोष माझ्यावर नाही असे जाहीर केले आणि मग आरोपीला क्रुसावर देण्यासाठी सोपवून दिले.

म्हणजे या वाक्प्रचारात नुसती टाळाटाळ नाही. अधिकार असताना, सत्य ठाऊक असताना, स्वतःला स्वच्छ म्हणवून घेत अन्यायाला वाट करून देणे आहे. गावात बहिष्कार पडतो, ठाण्यातला अधिकारी सर्व पाहतो आणि ‘हा तुमचा आपसातला मामला’ म्हणून कागद परत करतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये लोकसेवकाने जाणूनबुजून कर्तव्यात केलेली कसूर हा गुन्हा आहे. अशा अधिकाऱ्याबद्दल इंग्रजीत लिहिताना पिलाताची कथा माहीत असलेला वकील हा वाक्प्रचार नेमक्या जागी ठेवील. न माहीत असलेला तो कुठेही ठेवील.

दुसरा शब्द ‘स्केपगोट’. आपण डोळे मिटून त्याचे भाषांतर ‘बळीचा बकरा’ असे करतो. मूळ कथा वाचली की हे भाषांतर डळमळू लागते. लेवीय नावाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बकरे आणायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एका बकऱ्याचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजकाने दोन्ही हात ठेवायचे, साऱ्या लोकांची पापे त्याच्यावर लादायची आणि त्याला जिवंतच रानात हाकलून द्यायचे. ‘स्केपगोट’ म्हणजे हा दुसरा बकरा! त्याला कापत नाहीत. त्याला वस्तीबाहेर काढतात. वस्ती शुद्ध होते आणि घाण त्याच्या डोक्यावर जाते.

गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजाला या शब्दाची फोड करून सांगायची गरज आहे काय? ‘बळीचा बकरा’ म्हटले की एक घाव आणि दोन तुकडे. ‘स्केपगोट’ म्हटले की दुसऱ्याचे पाप वाहत जगत राहणे. हिटलरच्या जर्मनीत देशाच्या सर्व दुखण्यांचे खापर ज्यूंच्या माथी फोडले गेले, तेव्हा त्यांना ‘स्केपगोट’ केले असे इतिहासकार लिहितात. ज्यांच्या धर्मग्रंथातून हा शब्द निघाला, त्यांच्यावरच तो उलटला.

हा शब्द इंग्रजीत घडवला विल्यम टिंडेल याने, १५३० साली. हिब्रूतील धर्मग्रंथ नांगरधाऱ्याच्या पोरालाही वाचता यावा म्हणून तो त्याचे इंग्रजी भाषांतर करीत होता. हे काम इंग्लंडात करू दिले जात नव्हते, म्हणून तो परदेशी राहिला. १५३६ साली पाखंडी ठरवून त्याचा गळा आवळला आणि प्रेत जाळले. पुढे १६११ साली राजाज्ञेने जे अधिकृत भाषांतर निघाले, त्यात याच टिंडेलची शब्दरचना मोठ्या प्रमाणावर घेतली गेली. ते भाषांतर देवळात आणि घरात मोठ्याने वाचले गेले आणि त्यातील शब्द शेतकऱ्याच्या, मजुराच्या तोंडी बसले. ज्ञान कोणाच्या कानावर पडावे आणि कोणाच्या पडू नये, याचा बंदोबस्त फक्त आपल्याकडच्या धर्मशास्त्रांनीच केला होता असे नाही. तो मोडणाऱ्यांना तिकडेही प्राणाचे मोल द्यावे लागले.

तिसरे उदाहरण आमच्या कायद्यात आलेले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ घातले गेले. अपघातातील जखमीला सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. त्याआधी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले होते. इंग्रजी कायद्यात या मदत करणाऱ्याला ‘गुड समॅरिटन’ म्हटले आहे. मराठीत आपण ‘परोपकारी व्यक्ती’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच खरा मुद्दा गळून पडतो. कारण समॅरिटन म्हणजे परोपकारी नव्हे. समॅरिटन ही एक जमात होती, यहुदी लोक जिला हीन लेखीत. मराठी बायबलात त्यांना शोमरोनी म्हणतात.

लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात ही कथा येते. येशूला प्रश्न विचारणारा माणूस शास्त्र जाणणारा, म्हणजे जवळजवळ आमच्याच व्यवसायाचा. शेजाऱ्यावर प्रेम करावे हे ठीक, पण माझा शेजारी कोण, असा कायदेशीर पेच त्याने टाकला. उत्तरादाखल कथा आली. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटसरूला चोरांनी लुटून अर्धमेला टाकला. याजक आला, त्याने पाहिले आणि रस्त्याची दुसरी कड धरली. देवळाच्या सेवेतला लेवी आला, त्यानेही तेच केले. मग शोमरोनी आला. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले आणि खर्चाचे पैसेही भरले. पुरोहित निघून गेला आणि ज्याला हीन मानले तो माणूस ठरला, ही या कथेची धार आहे. ‘परोपकारी व्यक्ती’ या भाषांतरात ती राहत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात याच जमातीच्या एका स्त्रीकडे येशू विहिरीवर पाणी मागतो. ती चकित होऊन विचारते, तुम्ही यहुदी असून माझ्याकडे पाणी कसे मागता? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरणाऱ्यांच्या वारसांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

हीच कथा कायद्याच्या अभ्यासक्रमात आणखी एका वाटेने आली. स्कॉटलंडमधील पेस्ली गावी १९२८ साली एका बाईने जिंजर बिअर प्यायली. बाटली अपारदर्शक होती आणि आत कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची तक्रार होती. बाटली तिने नव्हे, तिच्या मैत्रिणीने विकत घेतली होती. करारच नाही, तर कारखानदार जबाबदार कसा? १९३२ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड ॲटकिन यांनी त्याच जुन्या प्रश्नाचा आधार घेतला, माझा शेजारी कोण? माझ्या कृतीची झळ ज्याला पोहोचेल हे मला आधी दिसायला हवे, तो कायद्याने माझा शेजारी. निष्काळजीपणाच्या आधुनिक कायद्याचा पाया या निकालाने घातला. कायद्याचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी हा खटला पाठ करतात. शोमरोन्याची कथा ज्याने वाचली, त्याला तो पाठ करावा लागत नाही.

‘इलेव्हन्थ अवर’ या शब्दाचा अर्थ ‘ऐनवेळी’. अनेक मुलांना तो अकरा वाजण्याशी संबंधित वाटतो. सूर्योदयापासून बारा तास मोजले, तर अकरावा तास म्हणजे संध्याकाळचे पाच. मत्तयच्या विसाव्या अध्यायात एक मळेवाला पहाटेपासून बाजारात जाऊन मजूर आणतो. संध्याकाळी पाचलाही काही माणसे तिथे उभी दिसतात. दिवसभर रिकामे का, असे विचारल्यावर ती सांगतात की आम्हाला कोणी कामावरच घेतले नाही. मळेवाला त्यांनाही घेतो आणि दिवस संपल्यावर सर्वांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुर करू लागतात.

ठाणे, कल्याण, नागपूर, कुठल्याही मजूर नाक्यावर सकाळी जाऊन उभे राहा, ही कथा समजेल. वाक्प्रचारात उशिरा येणाऱ्याला टोमणा आहे. कथेत मात्र उशिरा आलेला आळशी नाही. त्याला कोणी आत घेतले नव्हते! आरक्षणावर कुरकुर करणाऱ्यांना उत्तर देताना हा फरक आपल्या मुलांच्या जिभेवर असावा, असे आम्हास वाटते.

काही धम्मबांधव विचारतील, एका धर्माच्या जोखडातून सुटलो, आता दुसऱ्या धर्माचे ग्रंथ कशाला? उत्तर असे की वाचणे म्हणजे माथा टेकणे नव्हे. आपली मराठी पाहा. रामबाण, लक्ष्मणरेषा, कुंभकर्णी झोप, श्रीगणेशा. हे शब्द उच्चारणारा प्रत्येक जण भक्त नसतो. बाबासाहेबांनी धर्मग्रंथ वाचले ते तपासण्यासाठी. अस्पृश्यांवरील त्यांच्या एका ग्रंथाच्या नावातच ‘भारताच्या घेटोतील मुले’ असा शब्दप्रयोग आहे. घेटो म्हणजे धर्मावरून ज्यूंना कोंडलेली वस्ती. हा शब्द १५१६ सालच्या व्हेनिसमधला. दुसऱ्यांच्या छळाचा शब्द बाबासाहेबांनी आपल्या छळाची ओळख जगाला पटवण्यासाठी वापरला. भाषा अशी हत्यारासारखी वापरायची असते.

तपासणे हा मुद्दा महत्त्वाचा. ‘डेव्हिल्स ॲडव्होकेट’ ही शिवी नव्हे. कॅथलिक चर्चमध्ये कोणाला संत ठरवण्यापूर्वी त्याच्याविरुद्ध आक्षेप मांडण्यासाठी एक अधिकारी असे. हे पद १५८७ साली रीतसर निर्माण झाले आणि १९८३ च्या बदलांनी त्याचे जुने विरोधी स्वरूप संपले. संतालाही उलटतपासणी! आपल्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक शब्दाला हीच उलटतपासणी लावावी.

ती लावली की अपमानही सापडतात. ‘परायाह’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘पराया’वरून आलेला नाही. तो तमिळ ‘परैयर’ या जातीच्या नावावरून आला आहे. ‘परै’ म्हणजे ढोल, तो वाजवणारी ती जात. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत शिरला आणि बहिष्कृत असा त्याचा अर्थ झाला. गोऱ्या साहेबांनी भटक्या कुत्र्यांनाही हेच नाव दिले. आजही वाळीत पडलेल्या देशाला ‘परायाह स्टेट’ म्हणतात. गाइडात अर्थ मिळतो, पण ती आपल्याच माणसांची जात आहे हे मिळत नाही. हे कळल्यावर तो शब्द वापरायचा की नाकारायचा, हे आपण ठरवू शकतो. न कळता वापरला, तर आपल्याच तोंडून आपली नालस्ती होते.

म्हणून पालकांना आणि क्लास चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. दिवसाला पन्नास वाक्प्रचार नकोत, आठवड्याला पाच घ्या. मूळ कथा मराठीतच वाचा. पंडिता रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरची सोपी भाषांतरेही मिळतात. प्रत्येक कथेला तीन प्रश्न विचारा. यात सत्ता कोणाची? सोसणारा कोण? आणि जवळची मराठी म्हण कोणती, ती कुठे जुळते, कुठे जुळत नाही? विहारात रविवारी तासभर एवढे केले तरी वर्षाअखेर अडीचशे वाक्प्रचार मुलांच्या हाडीमाशी खिळतील.

ज्यांच्या घरात इंग्रजी तीन-चार पिढ्या नांदते आहे, त्यांच्या मुलांना हे शब्द ऐकून ऐकून येतात. आपल्या मुलांना ते शिकावे लागतात. त्यात कमीपणा काहीच नाही. ऐकून आलेला शब्द नुसता ओठावर असतो. शिकून, तपासून घेतलेला शब्द न्यायालयात उभा राहतो.

जयभीम!