दोन रेषांमधील क्षेत्रफळ आणि विषमतेचे मोजमाप

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देशाला इशारा दिला होता. राजकारणात सर्वांना समान मत मिळेल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनातील विषमता तशीच राहील, हा त्याचा आशय. ही आर्थिक विषमता मोजता येते काय? होय. आणि त्यासाठी लागणारे गणित आपली मुले बारावीत शिकतात. संकलन, म्हणजेच इंटिग्रेशन, हे प्रकरण केवळ गुणांसाठी पाठ केले जाते. म्हणून त्याचा उपयोग येथे सांगावा असे आम्हांस वाटते.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ मॅक्स लॉरेन्झ यांनी १९०५ साली एक आलेख मांडला. आडव्या अक्षावर लोकसंख्येचा हिस्सा घ्यायचा, सर्वांत गरिबापासून क्रमाने. उभ्या अक्षावर तेवढ्या लोकांना मिळणारा एकूण उत्पन्नाचा हिस्सा. दोन्ही ० पासून १ पर्यंत. सर्वांचे उत्पन्न सारखे असेल तर निम्म्या लोकांना निम्मे उत्पन्न मिळेल आणि य = क्ष ही सरळ रेषा येईल. ही समतेची रेषा. प्रत्यक्षातील वक्र मात्र तिच्याखाली झुकलेला असतो.

समजा, तो वक्र य = क्ष² असा आहे. क्ष = ०.५ घेतल्यास य = ०.२५ येते. म्हणजे गरीब निम्म्या जनतेच्या वाट्याला फक्त पाव हिस्सा!

आता रेषा व वक्र यांमधील जागेच्या उभ्या, अतिशय अरुंद पट्ट्या पाडू. प्रत्येक पट्टीची उंची म्हणजे वरच्या रेषेतून खालचा वक्र वजा : क्ष − क्ष². या सर्व पट्ट्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजेच संकलन. क्ष चे संकलन क्ष²/२ व क्ष² चे क्ष³/३. ० ते १ या मर्यादांत उत्तर येते १/२ − १/३ = १/६. विद्यार्थ्यांनी आधी आकृती काढावी. वरचे-खालचे उलटे झाल्यास उत्तर ऋण येते.

समतेच्या रेषेखालील संपूर्ण त्रिकोणाचे क्षेत्रफळ १/२ आहे. १/६ ला १/२ ने भागल्यास १/३ मिळते. हाच गिनी गुणांक. इटलीचे संख्याशास्त्रज्ञ कोराडो गिनी यांनी तो १९१२ मध्ये मांडला. शून्य म्हणजे पूर्ण समता. एकाच्या जितके जवळ, तितकी विषमता अधिक. वक्र य = क्ष³ असेल तर गुणांक १/२ होतो आणि गरीब निम्म्यांच्या हाती जेमतेम आठवा हिस्सा उरतो.

अर्थात, वक्राच्या तळाशी कोणत्या जातीची माणसे आहेत, त्यांत स्त्रिया किती, हे हा आकडा सांगत नाही. ते आपणच विचारले पाहिजे. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. आकडेवारीच्या आधारे ते प्रश्न मांडत. आपल्या मुलामुलींनीही गणिताला न भिता अहवालातील असे आकडे स्वतः तपासावेत, हीच अपेक्षा.

जय भीम!